ठिणगीचा गोंगाट आणि खोडदची शांतता

पुणे आणि नाशिक ही दोन शहरे थेट लोहमार्गाने जोडली जावीत ही मागणी नवी नाही. तिला ठोस रूप आले ते महारेलने आखलेल्या सुमारे २३५ किलोमीटरच्या दुहेरी मार्गामुळे. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी त्याची दिशा होती. म्हणजे मोटारींची रांग ज्या महामार्गावर तासन्‌तास खोळंबते, त्याच्याच सोबतीने हा मार्ग जायचा होता. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना रेल्वेचे तोंड प्रथमच दिसणार होते. २०२५ मध्ये मात्र रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत या आशेवर पाणी ओतले. नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे ‘जीएमआरटी’ला, हा मार्ग बाधक ठरेल, सबब नाशिकला जायचे ते अहिल्यानगर-शिर्डीवरून, असा त्यांच्या निवेदनाचा मथितार्थ होता.

त्यावर ज्या प्रतिक्रिया उमटल्या त्या अपेक्षितच होत्या. आकाशातले तारे मोजण्यासाठी जमिनीवरच्या माणसांनी वाट का सोडावी, असा सवाल एका बाजूने झाला. जागतिक कीर्तीच्या विज्ञानसंस्थेला स्थानिक राजकारणाची झळ लागू नये, असा उपदेश दुसऱ्या बाजूने झाला. या दोन्ही पक्षांनी एका साध्या प्रश्नाला बगल दिली. रुळावरून धावणारी गाडी दुर्बिणीचे नेमके काय बिघडवते? धूर नाही, धूळ नाही, प्रकाशाचा झोत नाही. मग अडचण कसली? या प्रश्नाचे उत्तर विद्युत्भारित कणांच्या गतीत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या वादात न्याय कोणाच्या बाजूने आहे हे ठरवता येणार नाही.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या टपावरची कमान वरच्या तारेला घासत जाते. तारेत पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो. गाडीला हिसका बसतो, कमान क्षणभर तारेपासून सुटते, आणि त्या बोटभर फटीत निळसर ठिणगी उडते. ही ठिणगी म्हणजे द्रव्याची चौथी अवस्था होय. घन, द्रव आणि वायू या तीन अवस्था शाळेत शिकवल्या जातात. वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झाले, की उरतो तो धन आणि ऋण कणांचा मुक्त संमिश्र समूह. त्याला प्लाझ्मा म्हणतात. मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘आयनद्रायू’ हा शब्द योजला आहे. भारित कणाचा एक स्वभाव पक्का आहे. तो एका वेगाने सरळ जात असेल तोवर मूक असतो. त्याचा वेग वा दिशा बदलली, की तो विद्युत्‌चुंबकीय लहरी सोडतो. ठिणगीत प्रवाह एका निमिषात उसळतो आणि एका निमिषात तुटतो. अशा अकस्मात बदलातून एकाच कंप्रतेची लहर निघत नाही, तर शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला खरखराट निघतो. ज्या घरांत मध्यमलहरींचा रेडिओ होता, तेथे बाहेरून स्कूटर गेली की ध्वनिक्षेपकातून करकर ऐकू येई, हे अनेकांना आठवत असेल. तीच ही करकर, मात्र कितीतरी पट मोठी.

आता दुर्बिणीकडे वळावे. खोडदच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर आहे. चौदा तबकड्या मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर शेतांमधून दूरवर गेल्या आहेत. सगळा पसारा सुमारे पंचवीस किलोमीटरचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांनी तबकडीला पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो, खर्च आवाक्यात येतो. गरीब देशाने महाग विज्ञान कसे करावे याचा हा नमुना होता, आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळायला हवी होती. २००१ मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. पुढे तिचे आधुनिकीकरण होऊन आज ती सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या टापूत ऐकते.

ती ऐकते काय? बहुतांशी तेच, जे ठिणगीतून निघते: भारित कणांच्या वळणांतून निघालेल्या लहरी. चुंबकीय क्षेत्रात शिरलेल्या भारित कणावर जे बल लागते ते त्याच्या गतीला सदैव काटकोनात असते. असे बल कणाचा वेग वाढवत नाही की घटवत नाही. ते त्याला फक्त वळवत राहते. परिणामी कण वर्तुळात फिरू लागतो, आणि क्षेत्ररेषेच्या दिशेने थोडीही गती असेल तर मळसूत्राप्रमाणे रेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतो. महाराष्ट्रावरील पृथ्वीच्या क्षेत्रात एखादा मंद इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे बारा लाख फेऱ्या घेतो. त्याच्या अठराशे पटींहून जड असलेला प्रोटॉन साडेसहाशेच्या आसपास, आणि तोही उलट दिशेने. आकाशगंगेतील ताऱ्यांमधल्या पोकळीत हे क्षेत्र लाखपट क्षीण असते. तेथे मंद इलेक्ट्रॉनच्या फेऱ्या सेकंदाला दहा-पंधरा भरतात. इतक्या संथ गिरकीतून खोडदला ऐकू येईल अशी लहर निघणे शक्य नाही. पण त्याच इलेक्ट्रॉनला त्याच्या वस्तुमानात साठलेल्या ऊर्जेच्या काही हजार पट ऊर्जा मिळाली, तर तो प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचतो, आणि त्याची लहर पुढच्या दिशेने एकवटून तीनशे, पाचशे मेगाहर्ट्झपर्यंत चढते. यालाच सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. दीर्घिकांच्या केंद्रातून सुटणारे झोत, फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष हे सर्व या प्रारणाने उजळलेले असतात.

येथे एक बारकावा आहे, आणि सगळ्या वादाची गुरुकिल्ली त्यातच आहे. अधिक ऊर्जेचा इलेक्ट्रॉन उच्च कंप्रतेवर चमकतो आणि आपली शिदोरी भराभर उधळून टाकतो. कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन निम्न कंप्रतेवर मिणमिणतो, पण दीर्घकाळ टिकतो. साहजिकच विश्वातील जुन्या घटनांच्या खुणा निम्न कंप्रतेवरच शिल्लक राहतात. सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या भुजंगधारी दीर्घिकासमूहात पूर्वी कधीतरी झालेल्या प्रचंड स्फोटाची बातमी २०२० मध्ये जगभर गाजली. क्षकिरण दुर्बिणींना त्या समूहातील तप्त वायूत पडलेली पोकळी दिसली होती. ती पोकळी वृद्ध इलेक्ट्रॉनांनी भरलेली आहे, म्हणजेच हे स्फोटाचेच काम आहे, याचा पुरावा निम्न कंप्रतेवर ऐकणाऱ्या दुर्बिणींनी दिला, आणि त्यांत खोडदची दुर्बीण होती. ‘थोड्या वरच्या कंप्रतेवर ऐका आणि गाडी जाऊ द्या’ असे सुचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की वरच्या कंप्रतेवर ऐकणाऱ्या दुर्बिणी जगात पुष्कळ आहेत. खोडदचे मोल खालच्या कंप्रतेत आहे, आणि ठिणगीचा खरखराट तेथेही पोहोचतो.

स्पंदक ताऱ्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ताऱ्यांमधील पोकळीही पूर्ण रिकामी नसते. तेथे विरळ प्लाझ्मा असतो, आणि त्यातून येणारी रेडिओलहर मंदावते. कंप्रता जितकी कमी तितका उशीर अधिक, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. १४०० मेगाहर्ट्झवर स्पंदाला जेवढा विलंब होतो, त्याच्या बारा पट ४०० मेगाहर्ट्झवर होतो. स्पंदकांना घड्याळे मानून गुरुत्वीय लहरींचा शोध घेणाऱ्यांना हा विलंब अचूक वजा करावा लागतो, आणि जेथे तो मोठा आहे तेथेच तो नीट मोजता येतो. २९ जून २०२३ रोजी युरोपीय आणि भारतीय गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्याची घोषणा केली, तिच्यात खोडदच्या मोजमापांचा वाटा होता.

मग हीच दुर्बीण दुसरीकडे का नेऊ नये? जागेची निवडही प्लाझ्मानेच ठरवली होती. आपल्या डोक्यावर शंभर-दीडशे किलोमीटरपासून पुढे आयनांबर पसरलेले आहे. चुंबकीय विषुववृत्तावर तेथे दिवसा पूर्वेकडे विद्युत्‌क्षेत्र असते आणि चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे. अशा आडव्या-उभ्या जोडीत धन आणि ऋण कण परस्परविरुद्ध न जाता एकाच दिशेने, म्हणजे वर, सरकतात. वर गेलेला प्लाझ्मा क्षेत्ररेषांवरून कारंज्यासारखा उत्तरेला व दक्षिणेला घसरतो, आणि सूर्यास्तानंतर तेथे जे बुडबुडे उठतात त्यांतून येताना ताऱ्यांचे रेडिओबिंब थरथरू लागते. १९६३ मध्ये अग्निबाणांसाठी थुंबा निवडले गेले, ते या चुंबकीय विषुववृत्तासाठीच. खोडदसाठी नेमके उलट हवे होते: विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला, म्हणजे आयनांबर बऱ्यापैकी शांत, पण इतकेही उत्तरेला नाही, की दक्षिण आकाश क्षितिजाखाली जावे. त्यात भर पडली सह्याद्रीच्या डोंगरांच्या आडोशाची, मानवी रेडिओगोंगाटाच्या अभावाची आणि पुण्याच्या सान्निध्याची. विक्रम भूकेंद्र जवळच्या आर्वीला १९७१ मध्येच सुरू झाले होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. उपग्रहांचे वा ताऱ्यांचे क्षीण संदेश टिपायचे तर गोंगाटापासून दूर असलेली जागा हवी, आणि जुन्नर तालुक्यात ती होती.

किती क्षीण, याची कल्पना यावी म्हणून एकच सांगणे पुरे. चंद्रावर एक साधा मोबाईल संच चालू ठेवला, तर पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील अत्यंत प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल. गाडीबरोबर केवळ ठिणगी येत नाही. रेल्वेच्या संदेशवहनासाठी २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी केंद्राने दिल्या आहेत, आणि दुर्बिणीचा एक मुख्य पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे. तेव्हा शास्त्रज्ञांची हरकत लहरीपणाची नव्हे, हे मान्य करावे लागते.

मात्र येथवर येऊन थांबणाऱ्यांचाही हिशेब अपुरा आहे. आगगाडी आणि उपकरण यांचा तंटा महाराष्ट्राने यापूर्वी एकदा पाहिला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी सौर वादळाने पृथ्वीला वेढले, तेव्हा कुलाब्याच्या सुईने सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. पृथ्वीभोवती अडकलेले धन कण पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे वाहू लागले, की दोहोंचा मिळून एक प्रचंड वलयप्रवाह तयार होतो आणि भूपृष्ठावरील क्षेत्र दुबळे होते. ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक चाळतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे ठरले. तिच्या प्रवाहाने सुया विचलित होणार हे उघड होते. संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्याशी सांधेजोड व्हावी. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. शहराला ट्राम मिळाली आणि शास्त्राची नोंदही तुटली नाही.

खोडदच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. तीस तबकड्या उचलून नेता येत नाहीत. परंतु मूस यांच्या पद्धतीतला एक भाग अनुकरणीय आहे. त्यांनी आधी मोजले. पुणे-नाशिक मार्गाच्या सार्वजनिक चर्चेत आकडे आले ते खर्चाचे, स्थानकांचे आणि वेगाचे. गाडीपासून अमुक अंतरावर, अमुक कंप्रतेवर किती गोंगाट होईल आणि दुर्बिणीला किती सहन होईल, हे आकडे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याच्या हाती पडले नाहीत. वस्तुतः हा प्रश्न मोजता येण्याजोगा आहे. अंतर दसपट वाढले की मोकळ्यावर गोंगाटाची तीव्रता शंभरपट घटते. मध्ये डोंगर आला तर त्याहूनही अधिक. खडकातला बोगदा बहुतांश लहरी गिळतो. संवेदनशील टप्प्यात वरची तारच नको म्हटले, तर बॅटरीवर चालणाऱ्या इंजिनाचा पर्याय आता कल्पनेतला राहिलेला नाही. यांपैकी काही शक्य असेल, काही अव्यवहार्य ठरेल, काहींचा खर्च अहिल्यानगरच्या वळशाहून जास्त भरेल. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याने ‘नाही’चा हिशेब मांडावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, त्याचे खोडदची शांतता हे शुद्ध उदाहरण आहे. तिचा लाभ कॅनडातील संशोधकालाही मिळतो आणि एकाने घेतल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही. उत्पादनखर्च मात्र सर्वांवर विभागला जात नाही. तो दोन-तीन तालुक्यांवर पडतो. दुर्बिणीभोवतीच्या विस्तीर्ण टापूत उद्योगांवर बंधने आहेत, कारखान्याला दुर्बिणीच्या अधिकाऱ्यांची संमती लागते, आणि आता रेल्वेही गेली. टोमॅटोचा ट्रक नारायणगावच्या बाजारातून निघून महामार्गावर अडकतो तेव्हा जी नासाडी होते, ती या शांततेच्या किमतीतच धरायला हवी. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये अशा प्रदेशांसाठी कायदा केला. अमेरिकेत ग्रीन बँकभोवतीचे शांतताक्षेत्र १९५८ पासून आहे. पण एक ओसाड कारू आहे, दुसरा विरळ वस्तीचा डोंगराळ मुलूख. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर द्राक्षे, ऊस आणि भाजीपाला पिकवणाऱ्या दाट वस्तीच्या खोऱ्यावर तोच नियम लादायचा, तर त्याची भरपाईही वेगळी असली पाहिजे.

त्यातून एक विसंगती अशी, की गोंगाट आता जमिनीवरूनच येतो असे नाही. युरोपातील लोफार या दुर्बिणीने स्टारलिंकच्या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात निघणारे अनपेक्षित प्रारण पकडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. हा पट्टा खोडदच्या सर्वांत खालच्या पट्ट्याशी बराचसा मिळताजुळता आहे. त्याच कंपनीला जून २०२५ मध्ये भारतात दूरसंचार परवाना मिळाला. डोंगराचा आडोसा आकाशातून येणाऱ्या लहरींना अडवीत नाही. मंचरच्या व्यापाऱ्याला रेल्वे नाकारताना जी दक्षता दाखवली गेली, तीच परवाना देताना दाखवली गेली काय, हे दूरसंचार खात्याला विचारण्याचा हक्क त्या व्यापाऱ्यास आहे.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या आंतरराष्ट्रीय दुर्बीण-प्रकल्पातील सहभागासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले. तो खर्च योग्यच होता; त्या प्रकल्पात भारताला मान मिळाला तो मुख्यतः खोडदच्या पुण्याईवर. परदेशातील शांत वाळवंटासाठी तरतूद होऊ शकते, तर स्वदेशातील शांत खोऱ्यासाठीही व्हायला हरकत नसावी. शीतगृहे, फळप्रक्रियेचे असे कारखाने ज्यांतून लहरींचा उपद्रव नाही, भूमिगत तंतूवरून घराघरांत जाणारे जलद दूरसंचार, महामार्गाची रुंदी, आणि दोन्ही तालुक्यांतील मुलांसाठी दुर्बिणीच्या कार्यशाळांत राखीव प्रशिक्षण, अशी मागणी लोकप्रतिनिधींना लेखी करता येईल. राष्ट्रीय विज्ञानदिनी, २८ फेब्रुवारीला, खोडदला हजारो विद्यार्थी जमतात आणि तबकड्यांकडे मान वर करून पाहतात. गोंगाटाची मोजमापे आणि सोडून दिलेल्या मार्गाचा जमाखर्च यांचा एक तक्ता तेथेच मांडणे दुर्बिणीच्या चालकांना अवघड नाही, आणि रेल्वे मंत्रालयालाही नाही.